माशी नव्हे, मीच शिंकलो

सलग अकरा शिंका देणाऱ्या माणसाला कुणी ‘काय झालं?’ असं विचारत नाही. ‘झालं का?’ असं विचारतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये तर सहाव्या शिंकेला माझा माइक परस्पर बंद केला जातो.

सर्दी म्हणावी, तर ताप नाही, अंगदुखी नाही. ही अ‍ॅलर्जी. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत नाक वाहतं, डोळे चोळून लाल होतात आणि टाळूला आतून खाज सुटते. ही टाळू जिभेनं खाजवताना घशातून जो आवाज निघतो, तो घरच्यांनी अजून माफ केलेला नाही.

बायकोनं पहिल्याच वर्षी संशयित पकडला होता: फुलदाणी. ती गॅलरीत हद्दपार झाली, शिंका घरातच राहिल्या. फुलं बिचारी निर्दोष होती. रंगीत, सुवासिक फुलांचे परागकण जड नि चिकट असतात. ते कीटकांच्या पाठीवर बसून प्रवास करतात, सहसा उगाच हवेत तरंगत नाहीत. खरे गुन्हेगार म्हणजे वाऱ्यावर विसंबणारी झाडं. फुलांवर फारसा खर्च नाही, रंग नाही, वास नाही. नुसते मरगळलेले तुरे लोंबतात. त्यातून लाखो कण उधळायचे, एखादा तरी मादीफुलापर्यंत पोचेल या आशेवर. म्हणजे सोयरीक तिकडच्या फुलाशी आणि वरात उतरते माझ्या नाकात!

बरं, पाहुणा चुकून आपल्या दारात आला, तर सभ्य माणूस ‘पत्ता चुकलात’ म्हणतो. माझं शरीर त्याच्या नावाची आयजीई नावाची प्रतिद्रव्यं आधीच तयार करून ठेवतं. ती मास्ट नावाच्या पेशींवर टपून बसलेली असतात. कण आला रे आला, की या पेशी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात, आणि पुढचं सगळं रुमालाला माहीत.

शेवटी अ‍ॅलर्जीची चाचणी करायचं ठरलं. त्याआधी आठवडाभर अँटिहिस्टामाइनच्या गोळ्या बंद, नाहीतर त्वचा खरं बोलत नाही. तो आठवडा मी नाक मुठीत धरून काढला, शब्दशः. मग डॉक्टरीणबाईंनी हातावर पेनानं आकडे घातले, प्रत्येकाशेजारी एकेक थेंब ठेवला आणि थेंबातून सुई हलकेच टोचली. तुलनेसाठी एक थेंब साध्या खारट पाण्याचा, एक चक्क हिस्टामाइनचा, बाकीचे संशयितांचे. ‘आता पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.’ हे वाक्य ऐकेपर्यंत मला खाज नव्हतीच.

लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मोबाइलवर वाचत बसलो, तर या शास्त्रात आमच्याच जातकुळीचे लोक भरलेले! जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी १८१९ मध्ये या आजाराचं जे वर्णन मांडलं, तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली तर स्वतःची त्वचा खरवडून तिच्यावर परागकण चोळायचे. उंच हवेत किती कण आहेत हे पाहायला त्यांनी चिकट काचा बांधून पतंग उडवले. लोकांचा पतंग दुसऱ्याचा काटायला असतो. हा गृहस्थ नाकासाठी उडवत होता. १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, परागकणांवरचा आरोप पुराव्यानिशी मांडणारं.

१९६० च्या दशकात इशिझाका पती-पत्नींनी अमेरिकेत आयजीई शोधून काढलं, तेही स्वतःच्या त्वचेवर प्रयोग करत. जोडीनं! माझी बायको मला हातरुमालसुद्धा उसना देत नाही.

सर्वांत आवडले ते इंग्रज डॉक्टर लेनर्ड नून. परागकणांत विष असतं अशी त्यांची समजूत. म्हणून त्यांनी कणांचा अर्क थोडाथोडा वाढवत टोचायला सुरुवात केली आणि १९११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. समजूत चुकली, उपाय लागू पडला. माझ्या आयुष्यात नेमकं उलटं होतं.

‘अरे वा, छान आलंय!’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झाडांच्या परागकणांच्या थेंबाखाली टपोरी गांध उठली होती. तीन मिलिमीटरला चाचणी पास समजतात; मी विशेष प्राविण्यात होतो.

उपाय तोच, नूनसाहेबांचा. शरीराला हळूहळू सवय लावायची, इंजेक्शननं किंवा जिभेखालच्या औषधानं. किती दिवस? किमान तीन वर्षं. बायको म्हणाली, ‘त्यापेक्षा समोरचं झाडच तोडू या ना!’ पण हे कण कित्येक किलोमीटरवरून वाऱ्याबरोबर येतात. तोडणार तरी किती?

पहिलं इंजेक्शन झालं. उलटी प्रतिक्रिया आली तर लक्षात यावं म्हणून अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी एक शिंक दिली. मग दुसरी. खोलीतले सगळे मान खाली घालून मोजत होते, हे ओठांवरून कळत होतं. अकरावीनंतर काकांनी ओशाळून रुमाल खाली घेतला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

‘झालं का?’