फरक म्हणे कधीच वसूल होत नाही!

'वीज वाचवणारी उपकरणं म्हणजे जादा पैसे उकळायची युक्ती' अशा अर्थाचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात चार दावे आहेत. एक मला अर्धा पटतो, तो शेवटी.

'किमतीतला फरक कधीच वसूल होत नाही.' कधीच? छताचा साधा पंखा 75 वॉटच्या आसपास, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा साधारण 30 वॉट. रोज 15 तास फिरला तर वर्षाला 246 युनिटांचा फरक, तोही एकाच पंख्यामागे. आपल्या बिलातल्या दराने गुणून बघा. 'मंद ठेवला की वीज वाचतेच' म्हणणाऱ्यांनी जुन्या डबा रेग्युलेटरला जरा हात लावावा. गरम लागतो, कारण वाचेल असं वाटणारी बरीच वीज तिथे उष्णता होऊन जाते.

'वीज वापरताना धूर निघत नाही.' निघतो, फक्त आपल्या दारात नाही. कोळशापासून केलेल्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

'चार्जर सॉकेटमधून काढा, तेवढं पुरे.' हा सल्ला लोकांचा भारी लाडका, बहुधा फुकट आहे म्हणून. हल्लीचा चार्जर नुसता लटकत राहिला तर वर्षाला एक-दोन युनिटं खातो. काढा की, पण बचत केल्याचं समाधान मानू नका.

'चालू वस्तू बदलू नका, नवी बनवतानाही प्रदूषण होतं.' मिक्सरपुरतं कबूल. 750 वॉटचा असला तरी दहा मिनिटांत त्याचं काम संपतं, बिघडेपर्यंत वापरा. फ्रिजचं तसं नाही, तो रात्रंदिवस जोडलेला. आधी दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावा. ती अलगद निसटली तर रबर सैल झालंय. कदाचित तेवढं बदलूनच भागेल. फ्रिज फारच जुना असेल तर मात्र नवा घ्या, आणि वीजबचतीच्या लेबलवरच्या स्टार श्रेणीआधी वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा. चांगल्या श्रेणीचा मोठा फ्रिज साध्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. जुना देताना आतला गॅस रीतसर काढून घेणाऱ्यालाच द्या: बऱ्याच जुन्या फ्रिजांत थंडाव्यासाठी असणारा आर-134ए हा गॅस किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या 1300-1400 पट तापमान वाढवतो. आणि तो जुना फ्रिज 'असू दे, बाटल्यांना होईल' म्हणून आतल्या खोलीत चालू ठेवलात, तर मेसेजवाले म्हणतात तेच, फरक वसूल होत नाही, खरं ठरेल.