पावसाळा नसलेलं कोकण

चार दिवस झाले पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, लाईट येऊन जाऊन आहे आणि कामं सगळी पडून, म्हणून जुना लॅपटॉप काढला आणि 'एम्पायर टोटल वॉर' हा गेम परत टाकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टोटल वॉर ही सिरीज २००० साली 'शोगन'पासून सुरू झाली आणि अजून चालू आहे. मोठ्या नकाशावर टर्न टर्न करून, म्हणजे एकेक पाळी घेत, राज्य चालवायचं, कर लावायचा, फौजा हलवायच्या, आणि दोन फौजा भिडल्या की ती लढाई आपण समोर मैदानात स्वतः लढायची. मी त्यातल्या 'रोम'पासूनचा गिऱ्हाईक, कॉलेजला असताना कणकवलीच्या एका सायबर कॅफेत हत्ती पळवण्याच्या नादात शेवटची एस्टी किती वेळा चुकवलीय ते घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

२००९ ला एम्पायर आला तेव्हा मात्र आम्ही वेडेच झालो होतो. ब्रिटन, फ्रान्स, प्रशियाच्या रांगेत मराठे! इंग्लंडात बसलेल्या लोकांनी केलेल्या गेममध्ये आपण आपलं निशाण घेऊन औरंगजेबाशी लढायचं म्हणजे काय वाटलं असेल विचार करा. सुरुवात १७०० पासून, म्हणजे ज्या वर्षी राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी कारभार हातात घेतला ते वर्ष. वर समुद्रावरच्या लढाया स्वतः लढता येणारा ह्या सिरीजमधला हा पहिला गेम. आम्हा समुद्रकाठच्या पोरांना अजून काय पाहिजे.

तर परवा ओसरीवर बसून खेळत होतो. शेजारचे तात्या आले, आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस, आत्ता त्यांची होडी वर काढून झावळ्यांनी झाकून ठेवलेली, कारण जून-जुलै बंदी. मागे उभे राहून बघत बसले. माझं आरमार गोव्याच्या दिशेनं निघालेलं.

"म्हयनो खंयचो रे ह्यो?"

मी म्हटलं, "तात्यानू, ह्यात म्हयने नाय. वर्साक दोन टर्न, उन्हाळो नि हिवाळो."

"आणि पावसाळो?"

"नाय."

तात्या जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "मगे भात कसा पिकता?"

हसलो तेव्हा, पण रात्री झोप लागेना. पंधरा वर्षं हा गेम खेळतोय आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही! ह्या किनाऱ्याचा इतिहास पावसाशिवाय सांगताच येत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन का, तर पाऊस उघडला, नद्या उतरल्या, घोड्यांना चारा झाला. नारळी पौर्णिमेला नारळ का, तर आता दर्या जरा वागणुकीत येणार. तोवर जहाजं खाडीत ओढून घ्यायची, डागडुजी करायची, विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात आरमाराची गोदी होती ती अशाच कामासाठी.

आता विजयदुर्गाचंच घ्या. इंग्रज आरमाराच्या कमोडोर जेम्सनं आंग्रेंचा सुवर्णदुर्ग घेतला एप्रिल १७५५ मध्ये. पुढचं लक्ष्य विजयदुर्ग हे उघड होतं, पण वॉटसन आणि क्लाइव्हचा हल्ला झाला फेब्रुवारी १७५६ ला. दहा महिने! मध्ये पावसाळा आडवा आला ना. विजयदुर्ग राखणाऱ्या तुळाजी आंग्रेंना एक अख्खा पावसाळा मिळाला तयारीला, तरी उपयोग झाला नाही, इंग्रजांकडूनच पूर्वी धरलेल्या एका जहाजावर गोळा पडला आणि त्याची आग शेजारच्या जहाजांना लागत गेली, सगळं आरमार खाडीतच जळालं. आणि पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूनं होते, हे आमच्याकडे अजून हळू आवाजात बोलतात. गेममध्ये हे सगळं कसं होईल? एक टर्न संपला की दुसरा, जून काय नि जानेवारी काय.

कोणी म्हणेल अरे गेम आहे, एवढं काय. मान्य. पण ह्याच कंपनीनं २०१० च्या 'नेपोलियन'मध्ये बर्फात आणि वाळवंटात फौजेची माणसं मरताना दाखवली, आणि २०११ च्या 'शोगन २' मध्ये जपानला वर्षाचे चारही ऋतू दिले, हिवाळ्यात शत्रूच्या मुलखात फौज ठेवली तर माणसं गळतात. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. जपानला चार ऋतू आणि आम्हाला दोन, त्यातला आमचा खरा ऋतू तर नाहीच!

जहाजांचं पण तेच, लढाई बहुतेक बाजूच्या तोफांची, मोठ्या जहाजांनी रांग लावून धडाधड. कान्होजी आंग्रेंची गुराबं, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजं, पुढच्या नाळेतून तोफ मारायची, वारा पडला की वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून न्यायची, शत्रूच्या मागच्या बाजूनं यायचं आणि अंगावर आला की उथळ खाडीत शिरायचं जिथं त्याचं मोठं जहाज तळाला लागेल. गेममध्ये वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते हे कबूल, ते छानच केलंय, पण खाडी कुठाय? (आणि हो, गेममधले समुद्री चाचे राहतात कॅरिबियनमध्ये, इंग्रजांनी मात्र आपल्या कागदात चाचा म्हणून लिहिलं ते कान्होजींना, जे दस्तक म्हणजे परवाना देऊन रीतसर जकात वसूल करत होते.)

मग मी एक नियम केला स्वतःपुरता. उन्हाळ्याच्या टर्नला पाऊस धरायचा, आरमार बंदरात. काही झालं तरी बाहेर नाही काढायचं. आठ वर्षं, म्हणजे सोळा टर्न बरे गेले. नवव्या उन्हाळ्यात गोव्याहून पोर्तुगीज आले आणि सरळ माझं बंदर अडवून बसले, व्यापार ठप्प, तिजोरी रिकामी. तेवढ्यात लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच मेलेली, सेव्ह केलेलं नव्हतं.

काल तात्या परत आले, काय झाला विचारलं. सांगितलं सगळं.

"भर पावसात इले? बुडले मां?"

"नाय ओ, एक पण नाय बुडला."

"मगे खोटा आसा ह्या," म्हणाले आणि होडीवरच्या झावळ्या उडाल्या काय बघायला गेले.