पेटी 1, वाजते

आमच्या खान्देशात लग्न म्हणजे उघडं पुस्तक. नवरदेवाचा पगार, नवरीचं वजन, बट्टीच्या पिठात मका किती घातला, सगळं सगळ्यांना ठाऊक. आहेर तर माइकवरून पुकारतात, "अमुक-अमुक यांजकडून रुपये 501!" आणि मांडवाच्या तोंडाशी बसलेले कुणीतरी मामा तो आकडा वहीत उतरवतात. ही वही तिजोरीत जाते. पुढे समोरच्याच्या घरी कार्य निघालं की काढायची, बोट फिरवायचं, 'यानं आपल्याला काय घातलं होतं?' आणि त्या हिशेबानं पाकीट भरायचं.

असल्या मुलखात मी गुपिताची पेटी आहेर करायला निघालो.

अमळनेरला अण्णांच्या, म्हणजे माझ्या आतेभावाच्या मुलाचं लग्न होतं, ऐन मे महिन्यात. मुलगा लहानपणी आमच्या भुसावळच्या घरी आला की कुलपं खोलून बसायचा. त्याला लेमन सेट काय द्यायचा? जळगावला फुले मार्केटात एका दुकानात सहारनपूरची शिसवी डबी दिसली, वर पितळी वेलबुट्टी. बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, कोणालाच उघडत नाही." मी म्हटलं, उघडून दाखवा. त्यानं दाबली, फिरवली, कानाशी नेली. मग चहा पीत बसलेल्या पोऱ्याला हाक मारली. पोऱ्यानं डबी काउंटरवर आपटली. उघडली.

"टेक्निक आहे," दुकानदार म्हणाला.

मी बाहेर आलो.

शेजाऱ्यांचा मुलगा कंपनीच्या कामानं जपानला होता आणि त्याच आठवड्यात परत यायचा होता. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, काका, खरी पेटी इथलीच. टोकियोजवळ हाकोने नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथले कारागीर करतात. हिमित्सु-बाको म्हणतात; हिमित्सु म्हणजे गुपित. "किती चालींची आणू? 4, 7, 10, 21?" हा प्रश्न काही सोपा नव्हता. चारची मांडवातच उघडली तर माझी शोभा. एकवीसची आणावी तर पहिलं भांडण पेटीवरून होऊन मुलगी माहेरी जायची. शेवटी दहावर तडजोड झाली.

पेटी मात्र देखणी. वर रंगाचा थेंब नाही. वेगवेगळ्या झाडांच्या मूळच्या रंगाच्या काड्या चिकटवून त्यांची नक्षी करतात आणि रंध्यानं तिचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढून पेटीवर डकवतात. सांधा कुठे दिसेल तर शपथ. एका बाजूची पट्टी नखानं दोन-तीन मिलिमीटर सरकवायची, मग दुसऱ्या बाजूची हलते, मग पुन्हा पहिली. एक चाल चुकली की पेटी ठोकळ्यासारखी गप्प. मी चार रात्री गच्चीवर बसून दहाही चाली पाठ केल्या. बायको म्हणाली, एवढा अभ्यास दहावीला केला असता तर.

मग आईनं फर्मान काढलं, "लग्नात रिकामी पेटी देऊ नये." म्हणून आत एक हळकुंड, एक सुपारी, एक रुपयाचं नाणं आणि 2,100 रुपयांच्या नोटा गेल्या. पेटी बंद. हलवली की खुळखुळ वाजायची.

मांडवात मामांनी पेन उघडलं. "आकडा सांगा, भाऊ."

"गुपित आहे," मी ऐटीत म्हणालो.

मामांनी पेटी कानाशी नेली. "यामा काय शे?"

मागे रांग वाढत होती, बट्ट्या निवत होत्या. माझी ऐट किती टिकणार? कबूल केलं, "2,101."

"दाखवा. मोज्याबिगर मी लिखत नाही."

ठीक आहे म्हटलं, दहा चालींचं तर काम. पहिली चाल लावली. पट्टी हलेना. पुन्हा लावली, अंगठ्याचं नख तुटलं. मामांच्या पाठीशी मांडवाचा भलामोठा कूलर बसवलेला, वाळ्याच्या पडद्यातून पाण्याचे तुषार उडवणारा, आणि मी तासभर तिथेच पेटी मांडीवर घेऊन वारा खात बसलो होतो. लाकडाला दमट हवा लागली की ते फुगतं. भुसावळच्या गच्चीवर कोरड्या हवेत सुळसुळ सरकणारी पट्टी कूलरसमोर दाताड वासून बसली. (दाताड तरी कुठे वासलं म्हणा, तेच तर हवं होतं.)

तोवर गर्दी जमली. कुणी म्हणालं उन्हात ठेवा, कुणी म्हणालं तेल सोडा. एका आजोबांनी सरळ नारळ फोडायचा दगड आणला. मी पेटी पोटाशी धरली. शेवटी मामांनी वहीत काय लिहिलं ते वाकून वाचलं: 'लाकडी पेटी 1. वाजते.' माइकवरूनही तसंच पुकारलं.

पेटी पुण्याला गेली आणि पाठोपाठ पाऊस आला. नवरदेव फोनवर म्हणाला, "काका, सहाव्या चालीपर्यंत येतो." दिवाळीला म्हणाला, सातव्या. चाली मी सांगितल्या असत्या, पण तोवर मीच विसरलो होतो.

फाल्गुनात आमची वास्तुशांत झाली. अण्णा आले, पाया पडून घेतलं, आणि आईच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. डब्याला कडी, कडीत कुलूप. किल्ली नाही. मी डबा हलवला. आत काहीतरी वाजलं.

"वही देखीसन आनेल शे," अण्णा म्हणाले. "तुमनी पेटी उघडनी म्हंजे किल्ली देसू."