देवाशी अबोला

तीन वर्षं मी देवाशी बोलत नव्हते. चर्चला मात्र एकही रविवार चुकवला नाही, रात्रपाळी असली तरी.

हे दोन्ही एकदम जमतं. क्वायरमध्ये दुसऱ्या ओळीत माझी जागा ठरलेली. हातात ‘उपासना संगीत’, गीताचा नंबर सांगितला की पान बरोबर उघडायचं, आवाजही बरोबर लागायचा. महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे. प्रभुभोजनालाही रांगेत पुढे जायचे. पण डोळे मिटले की आत सगळं गप्प. एका घरात राहणाऱ्या सासू-सुना सहा-सहा महिने बोलत नाहीत ना, ताट वाढलं जातं, पाणी ठेवलं जातं, आणि निरोप जातात ते मुलांच्या हाती, तसं. आमचे निरोप पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या हाती जात होते.

कारण सांगते. माझा धाकटा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. मी नर्स, तेव्हा पुण्यात कोविड वॉर्डला. दिवसभर किटमध्ये परक्यांच्या भावांना पालथं झोपवत होते आणि माझा भाऊ नगरला होता. त्याच्यासाठी मी प्रार्थना केली, अगदी गुडघे टेकून, बाथरूममध्ये, कारण वॉर्डात दुसरी जागा नव्हती. तो गेला. माती द्यायला मला जाता आलं नाही. मोबाईलवर पाहिलं. चार माणसं, पांढरे किट, आणि पाळकांचा आवाज वाऱ्याने तुटत होता.

त्यानंतर मी देवाला म्हटलं, बास.

लोकांनी सल्ले दिले ते सगळे मनःशांतीचे. कोणी श्वास मोजायला शिकवलं, कोणी ॲप टाकून दिलं. एका मावशीने रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर शास्त्रवचन पाठवायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. मोठ्या मैदानावरच्या सभांना नेणारे तर होतेच, स्टेजवरून ‘आज रात्री तुला शांती मिळणार’ म्हणून माइकमध्ये ओरडणारे. मला त्यांचा राग येतो, लपवत नाही. माझी मनःशांती ठीक होती हो. झोप लागत होती. बीपी १२०/८०. ड्यूटीवर कधी हात थरथरला नाही. ज्याला लोक शांती म्हणतात ती माझ्याकडे भरपूर होती, आणि तरी एका माणसाशी माझं बोलणं बंद होतं. माणसाशी म्हणजे देवाशी. चुकून लिहिलं, पण असू दे.

आमच्या घरात पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. मिशन कंपाऊंड, शब्बाथशाळा, नाताळच्या करंज्या, हे सगळं मला आयतं मिळालं. त्यामुळे माझे हिंदू मित्र-मैत्रिणी हे वाचून ‘आता ही आपल्याला बोलावणार’ म्हणून सावध होत असतील तर होऊ नका. ख्रिस्ती होणं आणि देवाशी समेट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला मला तुमची गरज नाही. माझंच उदाहरण पुरेसं आहे. आणि माझ्याहून फार मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं.

रमाबाईंची गोष्ट आपण शाळेत अर्धवट शिकतो. संस्कृतची पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली. आई, वडील, बहीण दुष्काळात डोळ्यांदेखत गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. कडेवर लहान मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. बहुतेक लोक इथे थांबतात. ज्यांना बाप्तिस्मा खुपतो तेही इथेच थांबतात आणि ज्यांना त्याचा अभिमान आहे ते आमचे लोकही. बाई स्वतः मात्र थांबत नाहीत. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कहाणीत, त्या सरळ कबूल करतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं!

ही आठ वर्षं काही रिकामी नव्हती. याच काळात त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, अमेरिकेत गावोगाव भाषणं दिली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. बाहेरून पाहणाऱ्याला यात काय कमी दिसणार? मग त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र पडलं. हा गृहस्थ कॉर्नवॉलमधल्या बॉल्डू गावचा पाळक. १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःच उपदेश देता देता त्याचं स्वतःचं हृदय बदललं, आणि समोर बसलेल्यांपैकी एकजण उठून ओरडला, पाळकाचं परिवर्तन झालं! मला हा प्रसंग फार आवडतो. आमच्या काही पाळकांनाही तो शुभेच्छांसह पाठवावा असं वाटतं. ते वाचून रमाबाईंना प्रश्न पडला की हे माझ्या बाबतीत झालंय का. नव्हतं झालेलं. विद्वत्ता, सेवा, त्याग, सगळं त्यांनी देवापुढे मांडून पाहिलं होतं. आपण काही मांडायचंच नाही, आहोत तसं रिकाम्या हाताने जायचं, एवढं समजायला त्या बुद्धीला आठ वर्षं लागली. मला तीन लागली त्यात काय मोठं.

माझं कसं झालं ते सांगते. त्यात चमत्कार नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवटी आजार बरा व्हावा लागतो किंवा निदान नोकरी तरी लागावी लागते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार, सात जण एकेकावर बोलतात. २०२४ मध्ये २९ मार्चला उत्तम शुक्रवार होता. पाळकसाहेबांचा महिनाभर आधी फोन आला, “सिस्टर, चौथा उद्गार तुम्ही घ्या.” चौथा म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, बरं झालं. जे मला म्हणायचं होतं ते कोणीतरी आधीच म्हणून ठेवलंय, तेही भर चौकात.

तयारीला बसले. येशूने हे वाक्य नवीन बनवलेलं नाही, ते बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मग स्तोत्रं वाचत सुटले. लहानपणी पाठ केलं होतं ते तेविसावं, मेंढपाळाचं. अठ्ठ्याऐंशीवं कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. ते वाचा. सुरुवातीपासून तक्रार, आणि शेवटी उजेड येईल येईल म्हणून वाट पाहावी तर शेवटच्या ओळीत अंधारच. कोणी समजूत घालत नाही. मग ईयोबाचं पुस्तक काढलं. ईयोब पुस्तकभर देवाशी भांडतो, त्याचे मित्र देवाची बाजू घेतात, आणि अखेर देव त्या मित्रांवरच रागावतो, म्हणतो की माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही. इतकी वर्षं बायबल हातात, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या मातीत तरी हे कुठे नवीन आहे? जनाबाई विठोबाला तोंडावर शिव्या देते. तुकोबा तर भांडल्याशिवाय राहत नाहीत. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मराठी माणसाला देवाशी भांडायचा हक्क पिढीजात आहे. मी भांडलेच नव्हते. मी अबोला धरला होता, आणि भांडणापेक्षा ते वाईट.

असं का केलं, ते मला त्या तयारीत एका रात्री कळलं. इथून पुढचं लिहायला मला वेळ लागला.

मी सगळ्यांना सांगत आले की देवाने ऐकलं नाही. आणि दबक्या आवाजात असंही की भावजय काढे पाजत बसली, उशीर तिच्यामुळे झाला. तीन वर्षं मी तिच्याशीही कामापुरतंच बोलत होते. पण शेवटच्या दोन दिवसांत एक फोन झाला होता, तो मी कोणालाच सांगितला नव्हता. रात्री अकराला भावाचा फोन आला. “ताई, ऑक्सिजन चौऱ्याण्णव दाखवतंय.” मी सोळा तासांची ड्यूटी करून आले होते. म्हटलं, “चौऱ्याण्णव आहे ना, मग पालथा झोप. सकाळी बघू.” सकाळी ब्याऐंशी होतं. बेड मिळत नव्हते, हे खरं. रात्रीच फोनाफोनी केली असती तर कदाचित मिळाला असता, हेही खरं. बेडमुळे भाऊ वाचलाच असता असं नाही, आणि हे मी दुसऱ्या कोणत्याही नातेवाइकाला समजावून सांगितलं असतं. स्वतःला सांगता येत नव्हतं.

म्हणजे देवाशी अबोला धरायचं कारण तो दोषी होता हे नव्हतंच. बोलायला बसलं असतं तर तो फोन निघाला असता.

मराठी बायबलमध्ये या सगळ्याला एक शब्द आहे, समेट. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, पाचव्या अध्यायात तो पुन्हा पुन्हा येतो. गावाकडे समेट कसा होतो आपल्याला माहीत आहे. बांधावरून डोकी फुटलेली असतात, पंच बसतात, ज्याची चूक त्याला पुढे आणतात, तो हात जोडतो, मग चहा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल जे सांगतो त्यात हा क्रम उलटा आहे. ज्याच्याविरुद्ध चूक झाली तोच आधी निघतो. तो येतो, अपराध मोजत नाही, आणि दारात उभा राहून वर पुन्हा विनंती करतो की समेट करा. मी तीन वर्षं समजत होते की देवाला माफ करायचं की नाही हे मला ठरवायचंय, आणि तोही जणू माझ्या निकालाची वाट पाहत बसलाय. खरं तर माझ्या दारात कोणीतरी कधीचं उभं होतं, आणि मी आतून कडी लावून म्हणत होते की हा येतच नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. सुंदर काही नाही. “चौऱ्याण्णव होतं, आणि मी झोपले.” एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. उत्तर आलं नाही, आवाज आला नाही, अंगावर काटाही आला नाही. पण ऐकणारा आहे हे कळत होतं, जसं अंधारात खोलीत दुसरं कोणी असलं की कळतं. आणि तो दचकला नव्हता. त्याला ते आधीपासून माहीत होतं.

रोमकरांच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो ती देवाबरोबरची शांती हीच असावी असं मला वाटतं. मन शांत होतं की नाही हा तिचा विषयच नाही. उलट माझं मन त्या दिवसापासून बिघडलं. झोप गेली, रडू यायला लागलं, तीन वर्षांचं साठलेलं. ड्यूटीवर दोनदा बाहेर जाऊन तोंड धुवून आले. शोक कमी झाला नाही. रमाबाईंचाही कुठे टळला? १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक, आणि त्यानंतर वर्षाच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये बाई गेल्या, केडगावला, मराठी बायबलच्या भाषांतराचं काम अखेरपर्यंत हाती धरून. मुलीच्या मागे राहिलेल्या त्या महिन्यांत त्यांची रात्र कशी जात असेल याचा मी अनेकदा विचार करते. अशा बाईला ‘शांती मिळाली’ म्हणताना जरा जपून म्हणावं.

चौथ्या उद्गारावर मी सात मिनिटं बोलले. फोनचं सांगितलं नाही. ते आधी एका माणसाला सांगायचं राहिलं होतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहेच, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. हे वाक्य मला नेहमी जरा अडचणीचं वाटत आलंय.

शनिवारी दुपारच्या एसटीने नगरला गेले. भावजयीने दार उघडलं, पाणी दिलं, “ताई, कळवलं असतं तर आणायला पाठवलं असतं” म्हणाली. रात्री भाचा झोपल्यावर तिला फोनचं सांगितलं. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “मला माहितीय. स्पीकरवर होता फोन.”

तीन वर्षं तिला माहीत होतं. मी तिच्या काढ्यांबद्दल नातेवाइकांत बोलत होते तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार, ईस्टर. आमच्याकडे पहाटेची उपासना कबरस्तानात असते. साडेपाचला अंधारातच निघालो. ती पुढे चालत होती, कारण कबर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मी पाहिलीच नव्हती. वाटेत तिने पिशवीतून झेंडूची फुलं काढून अर्धी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “डावीकडे वळा, तिथे खड्डा आहे, जपून.”