शेव वेगळी बांधा

तिखट किती, मीठ किती, तेलाचा तवंग किती यावरून आमच्या घरात भांडण होत नाही. तिखटावरून कुरकुरणारा माणूस खान्देशात बाहेरगावचा समजला जातो. आमची भांडणं पुढच्या पायरीवर सुरू होतात. रश्शात शेव कधी टाकायची?

शेवभाजी ज्यांच्या वाट्याला आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजायचं, आलं-लसूण घालून वाटायचं, काळा मसाला टाकून तेल सुटेपर्यंत परतायचं आणि झणझणीत पातळ रस्सा करायचा. वाढताना त्यात जाड तिखट शेव सोडायची. रस्सा घरोघरी उन्नीस-बीस. सगळा खेळ आहे तो शेव रश्शात पडल्यापासून तोंडात जाईपर्यंतचा. तळताना शेवेतलं पाणी उडून गेलेलं असतं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या उरलेल्या असतात, त्यामुळे ती रस्सा ओढायला टपलेलीच असते. सुरुवातीला बाहेरून ओली आणि आतून कुरकुरीत, ही माझी शेव. मग ती वाकते पण तुटत नाही, ही बायकोची. त्यानंतर ती फुगते, सुटते, तिचं बेसन रश्शात उतरतं आणि रस्सा पिठल्याच्या वाटेला लागतो. ही आमच्या दादांची. दादांना कवळी आहे. शेव जिभेनं टाळूला दाबली की विरली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आता मी हातपाय धुवायला गेलेला असतो आणि स्वयंपाकघरातून हाक येते, "शेव टाकू का?" हा प्रश्न मला असतो. उत्तर दादा देतात. "टाक, टाक! येतोच आहे तो." तोंडाला साबण लागलेला माणूस अशा वेळी काय करू शकतो? मी टॉवेल खांद्यावर टाकून धावत येतो तेव्हा शेव दादांच्या बाजूला फुटलेली असते.

बाहेरून पार्सल आणावं तर तिथं वेगळीच तऱ्हा. हायवेवरच्या ढाब्यावर मी गल्ल्याशी उभा राहून स्पष्ट सांगतो, "शेव वेगळी बांधा." मालक मान हलवतो. मग आत ओरडून सांगतो. आतला माणूसही हो म्हणतो. घरी येऊन गाठ सोडावी तर पिशवीत रस्सा नाही, शेवही नाही, दोघांच्या संसारातून झालेला तिसराच पदार्थ. पुढच्या वेळी तक्रार केली तर मालक मलाच समजावतो, "भाऊ, रस्त्यात मुरते ना ती. मस्त लागते." मुरायला ते काय लोणचं आहे?

माझा हा दातांचा हट्ट निव्वळ नखरा नाही, याला शास्त्राचा आधार आहे, हे मी घरात वारंवार सांगतो. ऑक्सफर्डच्या मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांचा २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांच्या कानाला हेडफोन लावायचे, त्यांना बटाट्याच्या चिप्स चावायला द्यायच्या आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज यंत्रातून कमीजास्त करून त्यांना ऐकवायचा. आवाज मोठा केला, विशेषतः त्यातला बारीक चिरका भाग वाढवला, की लोकांना चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताज्या वाटायच्या. म्हणजे आपण थोडंसं कानानंही खातो. या प्रयोगाला २००८ साली इग नोबेल मिळालं. हे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आमच्या घरात गोष्ट हसण्यापर्यंत येऊन थांबली. "मग तुम्ही हेडफोन लावून बसा," बायको म्हणाली, "शेव मी पाहिजे तेव्हा टाकते."

एवढ्यावरून कुणाला वाटेल की याला सगळंच कडक लागतं. तसं नाही. भरीत मऊच हवं. पण मऊपणालाही काही रीत असते. आमच्याकडची भरिताची वांगी हिरवी, पांढुरक्या रेघांची, चांगली हातभर. 'जळगाव भरीत वांगी' म्हणून त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. ती शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या नि लसणासोबत ठेचायची. ठेचलेल्या वांग्याचे रेशे राहतात. मध्येच कांद्याची पात करकरते, कुठं तळलेला शेंगदाणा लागतो, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खरखरीत तुकडा या सगळ्याला धरून ठेवतो. मागच्या थंडीत एका भरीत पार्टीला गेलो होतो. यजमानांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "यंदा बडगीची कटकटच नाही, मिक्सरमधून काढलं!" पातेल्यात हिरवट, गुळगुळीत, तुकतुकीत असं काहीतरी होतं. चव तीच होती, हे कबूल. धूर, मिरची, लसूण, सगळं जागच्या जागी. पण दातांना कामच नाही. शेजारचे पाहुणे मात्र "वा, काय लोण्यासारखं झालंय" म्हणत तिसऱ्यांदा घेत होते.

आणि माझं खरं दुखणं तर अजून सांगितलंच नाही. मी रावेर तालुक्यातला. चहूकडे केळीच्या बागा. रावेर-सावद्याची केळी रेल्वेनं दिल्लीपर्यंत जातात. अशा गावात जन्मून मला पिकलेलं केळं खाववत नाही. साल सोलताना निघणाऱ्या त्या दोऱ्या, सालीवरच्या काळ्या ठिपक्याखालचा लिबलिबीत भाग, आणि दात टेकायच्या आत शरण येणारा तो गर! बरं, केळ्याशी माझं वैर नाही. कच्च्या केळ्याचे वेफर म्हणजे माझा जीव. कढईवरच किसणी धरून थेट उकळत्या तेलात चकत्या सोडतात ना, तिथं मी वास घेत ताटकळत उभा राहतो. फळ तेच आहे. पिकताना त्यातल्या पिठाची साखर होते आणि पेशींच्या भिंती बांधून ठेवणारं पेक्टिन ढिलं पडतं, बाकी काय? पण नातेवाइकांपुढे पेक्टिन काढून चालत नाही. "रावेरचा असून केळं खात नाही?" असं म्हणून ते माझ्याकडे असे बघतात, जणू मी बापाची जमीन विकलीय.

सत्यनारायणाला तर सुटकाच नाही. प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापाचा, रवाळ, तुपानं माखलेला. आणि त्यात कुस्करलेलं केळं. छान दाणेदार शिरा खाता खाता मध्येच गिळगिळीत गोळा लागतो. थुंकता येत नाही, प्रसाद आहे. चावता येत नाही, चावण्यासारखं काही नाहीच. आख्खा गिळायचा आणि हात जोडायचे. बघणाऱ्याला वाटतं, काय भक्ती आहे!

धुळ्याला सासुरवाडीत ही गोष्ट फार दिवस लपली नाही. उन्हाळ्यात गेलो होतो. कुरडयांचा घाट चालला होता. भिजवलेला गहू वाटून, त्याचं सत्त्व काढून शिजवलेला गरम चीक, वर कच्चं तेल. मी वाटीवर वाटी संपवत होतो. चकाकता, चिकट, चमच्याला लोंबणारा चीक. सासूबाई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जवाईबापू, चीक चालस आनि केळं नही चालत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑक्सफर्डकडेही नसावं. मी म्हटलं, "चीक कसा, ओढून धरतो. केळं सोडून देतं." मेहुणा पाण्याचा घोट घेत होता, त्याला ठसका लागला.

"पोटमा जाईसन सम्दं एकच व्हस," सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला, असं मला वाटलं.

पण श्रावणात त्यांच्याकडे पूजा निघाली. नैवेद्य झाला, द्रोण वाटले गेले. माझा द्रोण त्या स्वतः घेऊन आल्या. इतरांच्या शिऱ्यात नेहमीप्रमाणे केळं होतं. माझ्या शिऱ्यात नव्हतं. त्याऐवजी वर केळ्याचे वेफर चुरून भुरभुरलेले होते.

"केळं बी शे, कुरकुर बी शे," त्या म्हणाल्या.

वेफर खारे होते, वर तिखटही लावलेलं. बायको पलीकडून डोळे वटारत होती, भटजी द्रोणाकडे पाहत राहिले होते आणि मेहुण्यानं मोबाइल बाहेर काढला होता. सासूबाईंचे आभार मानायला हवे होते, पण बोलायला वेळ नव्हता. शिरा गरम होता आणि वेफर मऊ पडायला लागले होते.