डायपरसोबत ताटही बघा

लहान मुलांना डायपरच्या जागी येणाऱ्या पुरळावरच्या लेखात सगळा दोष डायपरच्या ओलीवर टाकलाय, तो अर्धाच खरा. दीड-दोन वर्षांचं पोर घरच्यांच्या ताटातलं खायला लागलं की शी बदलते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात मोसंबीचा रस, सरबत दिवसभर चालू. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, शी पातळ होते आणि तिच्यातले पाचकरस थेट कातडी चावतात. लघवी मिसळली की आणखी जोरात. पातळ शीसोबत गुदद्वाराभोवती लाल कडं उमटलं तर आधी खाणं तपासा. रस काही दिवस बंद, एरवीही दिवसाला 120 मिलीच्या वर नको. त्याऐवजी पिकलेलं केळं (ते तर आपल्या दारातलंच), मऊ खिचडी. शेवभाजीचा रस्सा भाकरीत कुस्करून भरवायची आजीची हौस तूर्त आवरा. नवा पदार्थ एका वेळी एकच, मध्ये 3 दिवस.

कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर. पुढच्या वेळी फक्त मळलेला थर काढा, सगळा खरवडू नका. पावडर नकोच. जांघेच्या घडीत लालभडक आणि कडेला सुट्या पुटकुळ्या, तेही अँटिबायोटिकनंतर, म्हणजे बहुधा बुरशी. तिथे केळं-खिचडी कामाची नाही, डॉक्टरांना दाखवून बुरशीचं मलम घ्या.