‘उताणं पाडा, मान दाबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लातूर, परभणी, नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पाळीव प्राण्यांच्या ‘जंगली रक्ता’बद्दल एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: कुत्रा म्हणजे घरात आलेला लांडगा, त्याला सारखं घराचा म्होरक्या व्हायचं असतं. म्हणून पिल्लू असतानाच त्याला उताणं पाडून मान दाबा, खात असताना ताट काढून घ्या, गुरगुरलं तर बदडा. मटण देऊ नका, रक्ताची चटक लागते. मांजराला पोटभर घालू नका, उंदीर धरायचं विसरतं. आणि मांजर डूख धरतं, गादीवर मुततं ते मुद्दाम. बीडच्या माकडांनी सूड घेतला, तसाच हाही सूड.

हा मेसेज पुढं ढकलणारी माणसं वाईट नाहीत. आपलं जनावर नीट वागावं एवढंच त्यांना वाटतं. पण या सल्ल्यापायी पिल्लं मार खातात, आणि मार खाऊन बिथरलेलं कुत्रं उद्या घरातल्याच लेकराला चावतं. म्हणून एकेक मुद्दा धरून बोलणं भाग आहे. पाळीव प्राण्यांत रानातल्या प्रेरणा उरलेल्या असतात, हे खरंच आहे. त्या नेमक्या कोणत्या आणि त्यांच्याशी कसं वागायचं, तिथं हा मेसेज पार चुकतो.

आधी म्होरक्याचं बघू. ही कल्पना आली ती कोंडलेल्या लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ साली आपला अभ्यास मांडला. लहानशा आवारात डांबलेले, भांडण झालं तरी निघून जायची सोय नसलेले ते लांडगे एकमेकांवर सतत गुरकावत. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती मांडणी घेतली आणि ती जगभर पसरली. पुढं याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथं गादीसाठी लढाया होत नाहीत. पिल्लं वयात आली की निघून जातात आणि आपला संसार थाटतात. जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून मेक प्रकाशकाच्या मागं लागले होते, आणि अखेर २०२२ मध्ये ते थांबलं. ज्यानं ही गोष्ट जगाला सांगितली त्यानंच ती मागं घेतली, पण मेसेजवाल्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

बरं, कुत्रा लांडगा तरी आहे का? मूळ एक, हे मान्य. पण वाटा फुटून निदान पंधरा हजार वर्षं झाली. हंगेरीतल्या आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ मधला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. माणसांनी हातावर वाढवलेले लांडगे आणि कुत्री, दोघांनाही खाणं काढायची एक युक्ती शिकवली आणि मग गुपचूप ती अशी बंद केली की काही केल्या जमू नये. लांडगे आपले झटत राहिले. कुत्र्यांनी मात्र थोडा प्रयत्न केला आणि वळून माणसाच्या तोंडाकडं पाहिलं. अडलं की आपल्याकडं बघणाऱ्या या जनावराला म्हणे आपली गादी हवी असते! बालाघाटाच्या माळावर मेंढरं बसवणाऱ्या धनगरांना हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. लांडग्यापासून कळप राखायला ते कुत्रीच ठेवतात.

आता गुरगुरणं. या मुद्द्यावर मेसेज नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. तोंडाजवळचा घास राखणं ही रानातलीच सवय आहे, पण तिचा मोठेपणाशी काही संबंध नाही. कळपातला लहानातला लहान लांडगाही तोंडाशी आलेला तुकडा मोठ्याला सहजी देत नाही, हे मेक यांनीच नोंदवलेलं आहे. आखाड्यावरचं कुत्रं भाकरीचा तुकडा मऊ मातीत पुरून ठेवतं ना, तीही त्याच घराण्यातली सवय: उद्या मिळेल न मिळेल, आज राखून ठेवा. अशा जनावरासमोरचं भगुणं रोज उचलून घेतलं तर ते एवढंच शिकतं, की माणसाचा हात आला की घास जातो. त्याची भीती खरी ठरते आणि गुरगुर वाढते. मग बदडायचं. मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतंही. लोकांना वाटतं, सुधारलं. पण गुरगुर म्हणजे ‘अंतर ठेवा’ ही सूचना होती. तेवढी मेली, आतली भीती तशीच राहिली. पुढं एखादं रांगतं लेकरू भगुण्याजवळ गेलं की कुत्रं सूचना न देता सरळ चावतं, आणि घरातले म्हणतात, ‘काल-परवापर्यंत गरीब होतं, अचानक जंगली रक्त उसळलं.’

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं, की आजवर काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्यानं काय केलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्के मालकांवर कुत्रं उलटलं होतं. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांतही जवळपास तिघांत एकाचा हाच अनुभव.

करायचं ते सोपं आहे. कुत्रं खात असताना त्याला खाऊ द्या, लेकरांना तिकडं जाऊ देऊ नका. पिल्लू असेल तर येता-जाता लांबूनच भगुण्यात आणखी बरा तुकडा टाका. माणूस आला की घास वाढतो, हे काही दिवसांत त्याच्या ध्यानात येतं. आणि शांत कुत्रं खरोखर अचानक बदललं, तर दुखणं शोधा: कान, दात, सांधे. पिसाळण्याची शंका असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका. कुणाला चावलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

‘जंगली रक्त’ सगळ्या कुत्र्यांत सारखं असतं, हेही खरं नाही. लातूर भागातली कारवानी आणि पश्मी कुत्री बघा. शिकारीत दिसणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, मारणं, फाडणं असे टप्पे असतात. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या कुत्र्यांत पाठलाग तेवढा धारदार केला. म्हणून काही पळताना दिसलं, मग ती मोटरसायकल का असेना, की कारवानीचे पाय थांबत नाहीत. तो उद्धटपणा नाही. रस्त्याकडेला त्याला साखळीत धरा आणि सकाळी मोकळ्या रानात पोटभर पळू द्या. मात्र सशामागं सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

मटणाच्या चटकेचं लवकर आटोपतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांनी आपल्याकडच्या गावठी, मोकाट कुत्र्यांवर बरंच काम केलं आहे. २०१४ मधल्या त्यांच्या अभ्यासात मोठी कुत्री मांस निवडत होती, पण पिल्लांना मांसाची उपजत ओढ दिसली नाही. उलट भाकरी पचवण्याची तयारी कुत्र्याच्या जनुकांत उतरलेली आहे. पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती सापडतात, कुत्र्यात ४ ते ३०, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. ज्वारीच्या भाकरीवर आपली कुत्री जगली ती उगाच नाही. कच्चं मटण टाळावं हे बरोबरच, पण कारण वेगळं. मेंढराचं कच्चं काळीज-फुप्फुस खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात एक प्रकारचे पट्टकृमी वाढू शकतात. त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. शिजवून द्या, कुत्रं हिंस्र होत नाही.

मांजराला उपाशी ठेवायचा सल्ला तर आपल्याकडं मेसेजच्याही आधीपासून आहे. घरात ज्वारीची, सोयाबीनची पोती, आणि मांजराला वाटीभर दूध. मांजराचा पूर्वज आफ्रिका-पश्चिम आशियातला रानमांजर, एकट्यानं शिकार करणारा. एका उंदरानं त्याचं दिवसभराचं भागत नाही, आणि निम्म्याहून अधिक झडपा वाया जातात. भूक लागायची वाट बघत बसला तर तो जगणार कसा? म्हणून मांजराची शिकार भुकेवर अडून राहत नाही. १९७६ मध्ये रॉबर्ट ॲडमेक यांनी आवडीचं खाणं खात असलेल्या मांजरांसमोर उंदीर सोडला. मांजरांनी खाणं सोडलं, उंदीर मारला आणि तो घेऊन पुन्हा खाण्याशी आली. पोट भरलेलं मांजर उंदीर धरतं. उपाशी मांजर शेजारच्यांच्या दुधात तोंड घालतं, नाहीतर घर सोडून जातं.

उलट अंगानंही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यांचं मांजर चिमण्या, सरडे मारून आणतं त्यांच्यासाठी ही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात, मांसातली भरपूर प्रथिनं असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवल्यानंही २५ टक्क्यांनी घटली.

माळकरी घरांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. वाड्यातलं मांजर दूध-भाकरीवर जगलं असं वाटायचं, पण ते आपलं मांस माळवदावर आणि गोठ्यात स्वतः मिळवत होतं. संभाजीनगरच्या फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार? टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की आधी डोळ्यांचा पडदा खराब होतो, पुढं हृदय. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. घरात मटण शिजवायची गरज नाही. मांजराच्या तयार खाद्यात टॉरिन घातलेलं असतं, ते वेगळ्या वाटीत द्यावं.

उरला डूख. बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये २०२१ च्या डिसेंबरात काय झालं ते आठवा. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून छपरांवर, झाडांवर नेत होती. तिथं दूध-पाण्यावाचून किंवा खाली पडून पिल्लं मेली. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. ‘अडीचशे पिल्लं मारून सूड घेतला’ ही बातमी मात्र जगभर गेली. त्या आकड्याला मोजणीचा आधार नव्हता आणि सूड हे लोकांनी लावलेलं कारण होतं. वानरांच्या टोळीत दुसरीचं पिल्लू उचलून मिरवणं नेहमीचं आहे, एवढं तरी लक्षात घ्यायला हवं होतं.

आणि गादीवरचं मूत? घरात नवं मांजर आलं, माणसं वाढली, की जुनं मांजर आपल्या हद्दीवर वासाची खूण करतं. मातीची पाटी घाण असेल तरी ते दुसरी जागा शोधतं. पण सगळ्यात आधी आजाराची शंका घ्यावी. कोरड्या मुलखातल्या पूर्वजाकडून मांजराला थोड्या पाण्यावर भागवायची सवय मिळाली आहे. त्याची लघवी दाट असते. आपल्या उन्हाळ्यात ते पाणी कमी प्यालं की मूत्रमार्गाचा त्रास बळावतो. शिवाय दुखणं लपवणं हाही रानातलाच वारसा, त्यामुळं ते ओरडत नाही, नुसतं गादीवर दोन थेंब टाकतं आणि वर मार खातं. बोका सारखा लघवीला बसतोय, जोर करतोय आणि काही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत मरतो. लगेच पशुवैद्यकाकडं न्या, आणि मूत्रमार्ग तुंबला असावा असं फोनवर आधीच सांगून ठेवा.